हात पिठात आहेत

दुकानातला फोन वाजला की उचलायचा नाही, हा काकूचा नियम. काकू जाऊन वर्ष होत आलं, तरी तो मोडायची कोणाची छाती झाली नव्हती.

नियम ऐकायला विचित्र, पण कारण अगदी साधं. मोची आइस्क्रीम, म्हणजे तांदळाच्या पारीतलं जपानी आइस्क्रीम, करणं म्हणजे घड्याळाशी कुस्ती. चिकट तांदळाचं पीठ साखरपाण्यात कालवून वाफवायचं, तो लगदा मक्याचं पांढरं पीठ भुरभुरून लाटायचा, गार करून त्याच्या गोल पाऱ्या कापायच्या. मग एकेका पारीत आइस्क्रीमचा दगडासारखा गोळा ठेवायचा आणि तो पाघळायच्या आत कडा खाली गोळा करून चिमटीने तोंड बंद करायचं. गोळा हातात जरा रेंगाळला की गेलाच. आणि नेमका तेव्हाच फोन कोकलायचा. "अहो, ते खायचं कसं?" "ती वरची साल काढून टाकायची ना?" काकू कोपरापर्यंत पांढरी, रिसीव्हर खांद्याने कानाला दाबलेला, मान वाकडी, आणि इकडे हातातला गोळा मनगटावरून ओघळतोय! शेवटी वैतागून तिने फोनला जोडायची एक काळी डबी आणली. फोन कोणी उचलला नाही की डबी आपली आपण बोलणार.

डबीत काय बोलायचं, हे ठरवायला टकळीशिवाय दुसरं कोण योग्य? टकळी म्हणजे पुतणी. तोंडाचा पट्टा सकाळी जो सुरू व्हायचा तो झोपेतच थांबायचा, म्हणून घरात तिचं नाव टकळी पडलं ते पडलंच. आई-बाबांच्या कामाच्या पाळ्या अशा की शाळा सुटली की ती थेट काका-काकूंच्या दुकानात. गिऱ्हाइकं काय काय विचारतात ते तिला तोंडपाठ होतं. म्हणून असं ठरलं की टकळीने गिऱ्हाईक व्हायचं आणि काकूने उत्तरं द्यायची. दोघींनी ते एका दमात रेकॉर्ड केलं, तेही पाऱ्या भरता भरता. काकू टेबलाच्या अलीकडे, डबी तिच्या तोंडाशी. टकळी पलीकडे, हातात पिठाची चाळणी.

वाजवून बघतात तर काय! काकूचा आवाज ठणठणीत, आणि टकळीचा एक शब्द नाही. प्रश्नांच्या जागी नुसता फ्रीजरचा घुमघुमाट. सगळ्या गल्लीला ऐकू जाणारी टकळी त्या डबीला मात्र ऐकू गेली नव्हती.

"परत करू या ना, काकू!"

"काही नको. राहू दे तसंच," काकू हसून हसून डोळे पुसत म्हणाली, आणि भुवया पांढऱ्या करून बसली. "ज्याला विचारायचंय तो त्या जागेत विचारेल. मी आहेच सांगायला."

तर डबी जे बोलायची ते असं.

"नमस्कार. आम्ही कामात आहोत, हात पिठात आहेत, म्हणून फोन उचलला नाही. राग मानू नका. विचारा, काय विचारायचंय?"

घुमघुमाट.

"नाही हो, सोलायचं कशाला? सगळंच खायचं."

घुमघुमाट.

"घाई नको. जरा बाहेर राहू दे. कानाच्या पाळीइतकं मऊ लागलं की समजायचं, झालं."

घुमघुमाट.

"ते होय? ते पीठ. चिकटू नये म्हणून. झटकलं तरी चालेल, राहिलं तरी बिघडत नाही."

घुमघुमाट.

"द्या की. पण चार तुकडे करून, आणि समोर बसून. एकटं सोडायचं नाही."

घुमघुमाट.

"छे, शेंगदाणा आमच्या दुकानात शिरतसुद्धा नाही. निर्धास्त या."

घुमघुमाट.

"नाही. एकदा वितळलं की वितळलं. परत गोठवून पहिल्यासारखं होत नाही."

मग एक शेवटची जागा, बाकीच्यांपेक्षा जरा लांब. आणि काकू म्हणते, "हो, हो. आलेच." खट्ट.

आता त्या शेवटच्या जागेचं असं होतं, की तिथे टकळीने काहीच विचारलं नव्हतं. तिचे प्रश्न संपले होते. काकूनेच मध्येच मान वळवली, आलेच म्हणाली, डबी बंद केली आणि हात पुसत मागच्या दाराशी गेली. परत आली ती कपाळाला आठ्या घालून.

"कोणी हाक मारली गं?"

"कोणीच नाही. मी तर इथेच आहे."

"मग काका असेल."

काका खोकी आणायला गेला होता. तो आला चांगला संध्याकाळी. पण एवढ्याशा गोष्टीचा कोण कीस काढत बसतं? दोघी पुन्हा पाऱ्या भरायला लागल्या. आणि त्याच्या पुढच्याच आठवड्यात, सकाळी वाफेचं भांडं चढवता चढवता, काकू खाली बसली आणि उठलीच नाही.

त्यानंतर बरंच काही बंद झालं. काकाचं बोलणं बंद झालं. म्हणजे गिऱ्हाइकाला "कोणता देऊ" आणि "पिशवी हवी का" एवढं तो बोलायचा, पण ते बोलणं म्हणजे काही बोलणं नव्हे. आणि टकळीचं मोची बंद झालं. काकू असताना शाळेतून आल्या आल्या तिच्यासाठी एक बाजूला काढलेलं असायचं, चिमटी नीट न बसलेलं, विकता न येणारं. काकू त्यातल्या पारीला बोट लावायची, मग त्याच गार, पिठाळ बोटांनी टकळीच्या कानाची पाळी धरून बघायची, की दोन्ही सारखं मऊ लागतंय का. टकळी किंचाळायची. "खाल्लंस का गं?" हे काकू दिवसभर कोणाला ना कोणाला विचारत असायची, पण टकळीला विचारताना पाळी हातात असायची. ती गेल्यावर टकळीने एकही मोची तोंडात घातलं नव्हतं. घशाखाली उतरणार नाही याची तिला खात्री होती.

फोन मात्र बंद झाला नाही. रोज दुपारी काका मागच्या खोलीत जायचा, दार ओढून घ्यायचा, आणि लगेच पुढचा फोन वाजायचा. टकळी काही खुळी नव्हती. काका मागून मोबाइलवरून दुकानालाच फोन लावतो, हे तिला कळायचं. ती काउंटर पुसत राहायची. फोन वाजून वाजून थकायचा आणि काकू बोलायला लागायची. डबीचा आवाज मोठा, तो आख्ख्या दुकानात घुमायचा.

एक दिवस टकळीची जीभ वळवळली. त्या मोकळ्या जागा तिच्याच तर होत्या! काकू "विचारा" म्हणाल्याबरोबर ती हळूच म्हणाली, "काकू, मी तुझ्या सगळ्या आठवणी काढून फेकून देऊ का गं?"

"नाही हो, सोलायचं कशाला? सगळंच खायचं."

टकळीला खुदकन हसू आलं. पुढच्या जागेत तिने विचारलं, "मी तुझ्याकडे येऊ?"

"घाई नको. जरा बाहेर राहू दे."

हसू जिथल्या तिथे गोठलं. काउंटरवरचं फडकं तिने दोन्ही हातांनी आवळून धरलं. नकोच, असं मनाशी म्हणता म्हणता एका जागेत तिने विचारून टाकलं, "काकाचं काय करू?"

"…आणि समोर बसून. एकटं सोडायचं नाही."

त्या दिवसापासून तिला चटकच लागली. शाळेत बसल्या बसल्या ती प्रश्न जुळवायची. कोणता प्रश्न कोणत्या जागेत टाकायचा, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. सगळी उत्तरं कशी चपखल बसायची! फक्त शेवटच्या लांब जागेत ती गप्प राहायची. "आलेच" हे उत्तर कोणत्याही प्रश्नाला मिळालेलं तिला नको होतं.

याच सुमाराला आत्याने दुकानात लक्ष घातलं. आत्या म्हणजे काकाची मोठी बहीण, कामाला वाघ, आणि बोलायला लागली की टकळीचीही बोलती बंद करणारी. गिऱ्हाइकं शेंगदाण्याचं मोची मागतात, मग करायचं का नाही, असं म्हणून तिने काकाच्या मागे लकडा लावला. काकाने केलं. खरं सांगायचं तर फक्कड झालं. काचेवर पाटी लागली आणि ते हातोहात खपायलाही लागलं. आत्या पाटीकडे बघत होती तेवढ्यात फोन वाजला आणि काकू म्हणाली, "शेंगदाणा आमच्या दुकानात शिरतसुद्धा नाही."

"अरे!" आत्या कंबरेवर हात ठेवून म्हणाली. "काचेवर एक आणि फोनवर भलतंच? बदल तो निरोप."

"उद्या," काका म्हणाला.

"तुझा उद्या मला ठाऊक आहे. हिला सांग. परवा शाळेच्या कार्यक्रमात सगळं सूत्रसंचालन हिने केलं. काय गं, माइक सोडेचना म्हणे! करशील का नाही?"

टकळीची कॉलर ताठ झाली. हे मात्र खरं होतं. स्टेजवर उभी राहिली तेव्हा पहिलंच वाक्य शेवटच्या रांगेपर्यंत पोचल्याचं तिला जाणवलं, आणि त्यानंतर ती जी सुटली ती सुटलीच. बोलायची भीती तिला कधीच नव्हती, पण आपलं बोलणं कोणी थांबून ऐकतंय ही गंमत नवीन होती.

"करीन," ती म्हणाली, आणि काकाकडे बघितलं. काका डबीकडे बघत होता. पावसात उभ्या असलेल्या माणसाने बंद दाराकडे बघावं, तसा.

डबीत एकच निरोप मावायचा. नवा बोलायला लाल बटण दाबलं की जुना गेला. टकळीला वाटलं, एवढंच ना? आधी मोबाइलवर उतरवून घेऊ. काकू मोबाइलमध्ये, नवा निरोप डबीत, आत्याही खूश, काकाही खूश! हे आपल्याला आधी कसं सुचलं नाही, म्हणून तिने स्वतःच्या डोक्यात टपली मारली. काका बाहेर गेल्यावर तिने डबी वाजवली, मोबाइल अगदी तिच्या जाळीला टेकवून धरला, सगळं उतरवून घेतलं, आणि मागच्या खोलीत जाऊन कानाला लावलं.

आधी काहीच नाही. "नमस्कार" नाही, "हात पिठात आहेत" नाही. नुसता घुमघुमाट. आणि मग, खूप लांबून, कुठल्यातरी मोठ्या रिकाम्या खोलीच्या दुसऱ्या टोकावरून यावा तसा एका मुलीचा आवाज.

"ती वरची साल काढायची का?"

टकळीच्या मानेवर काटा आला. तो तिचाच आवाज होता. आताचा नव्हे, तेव्हाचा, बारीक. तिच्या हातातली चाळणी टेबलावर आपटल्याचंसुद्धा ऐकू येत होतं. मग उत्तराच्या जागी शांतता. पुन्हा तीच मुलगी, "फ्रीजरमधून काढलं की लगेच खायचं?" शांतता. जे डबीला ऐकू गेलं नव्हतं ते सगळं इथे होतं, आणि जे डबीत होतं ते कुठेच नव्हतं. मुलगी विचारत होती, विचारत होती, आणि तिला कोणी म्हणजे कोणीच उत्तर देत नव्हतं.

"वितळलं तर परत गोठवता येतं का?"

शांतता. आता ती लांब जागा येणार. या मोबाइलमध्ये जर तेव्हा न ऐकू आलेलंच ऐकू येत असेल, तर त्या जागेत काकूला ज्याने हाक मारली तो…

टकळीने बटण दाबलं. दाबलं म्हणजे अंगठा पांढरा होईपर्यंत दाबलं. मग ते सगळं पुसून टाकलं, मोबाइल उताणा न ठेवता पालथा ठेवला आणि पुढे येऊन काउंटरवरच्या लख्ख उजेडात उभी राहिली. आत्याने "झालं का गं?" विचारलं तेव्हा तिच्या तोंडून निघालं, "उद्या."

आत्या कपाळाला हात लावून म्हणाली, "काकावर गेलीस अगदी."

असे काही उद्या गेले.

मग एका दुपारी टकळी शाळेतून येत होती. दप्तर एका खांद्यावर, डोक्यात आजचे प्रश्न. दुकानाबाहेरच्या बाकावर चष्मा लावलेल्या एक बाई बसल्या होत्या आणि त्यांच्याशेजारी पाय हलवत एक पिवळ्या टोपीतली चिमुरडी. बाईंच्या मांडीवर कागदी डबी, डबीत एक पांढरं मोची. टकळी त्यांच्यापुढून जाणार, तेवढ्यात बाईंनी मोचीला बोट लावलं. आणि मग ते बोट त्यांनी चिमुरडीच्या कानाच्या पाळीला लावलं. चिमुरडी खिदळली.

टकळीचे पाय थांबले.

"झालं हं," बाई म्हणाल्या. त्यांनी पर्समधून छोटी सुरी काढली, मोचीचे नीट चार तुकडे केले आणि बाकावरून वळून चिमुरडीच्या बरोबर समोर बसल्या. "सावकाश चावून खायचं. मी बघतेय."

काकूने सांगितलेलं एकेक अक्षर त्या पाळत होत्या.

"मावशी, तुम्ही फोन केला होता का आधी?"

"हो, म्हणजे काय! हिचं फार सांभाळावं लागतं. शेंगदाण्याचा कण जरी गेला तरी श्वास अडकतो. मागे एकदा दवाखान्यात धावलो, ते आठवलं की अजून हातपाय गार पडतात. पण तुमच्या बाई किती छान हो! मी विचारलं शेंगदाण्याचं, तर म्हणाल्या, निर्धास्त या. मग काचेवरची पाटी कोण वाचतं?"

चिमुरडीने तोंड उघडलं होतं.

टकळीने दप्तर टाकलं, झेप घेतली आणि तो तुकडा हाताच्या फटक्याने उडवून दिला. डबीही उडाली. पांढरे तुकडे रस्त्यावर घरंगळत गेले. चिमुरडीने भोकाड पसरलं.

"अगं ए! वेड लागलंय का तुला?"

"हिच्या तोंडात गेलं का? आधी सांगा, गेलं का?"

"नाही! पण तू…"

"आमच्याकडे शेंगदाणा आहे, मावशी. एकाच टेबलावर लाटतो, एकच पीठ, एकच चाळणी. हिचे हात धुवा. तोंड धुवा. आत नळ आहे, चला, चला ना!"

बाईंचा चेहरा त्या मोचीसारखा पांढराफटक पडला. त्या पोरीला उचलून आत धावल्या. काका काउंटरवरून धडपडत आला. हात धुऊन झाले, तोंड धुऊन झालं. टोपी भिजली, आणि चिमुरडी रडायची थांबून नळाशी खेळायला लागली. तिला काही म्हणजे काही झालेलं नव्हतं. तेव्हा कुठे बाईंना आवाज फुटला.

"मी विचारलं होतं! मी काही अशीच नाही आले. बोलले मी त्यांच्याशी. एकेक गोष्ट विचारली, त्यांनी एकेक सांगितली! कुठे आहेत त्या? बोलवा त्यांना."

दुकानात फक्त फ्रीजर घुमत होता.

"त्या…" काका म्हणाला.

"त्या वारल्या, मावशी," टकळी म्हणाली. "वर्ष होत आलं. ते रेकॉर्ड केलेलं आहे. तुम्ही विचारलेलं त्यांना ऐकू गेलं नाही."

बाई डबीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी चिमुरडीला छातीशी घट्ट धरलं, आणि न भांडता, न ओरडता निघून गेल्या. भांडल्या असत्या तर परवडलं असतं.

काकाने दुकानाचं दार लावून घेतलं आणि स्टुलावर बसला. "शेंगदाणा बंद," तो म्हणाला. "आजपासून बंद. सगळं फेकून देतो. मग तिचं म्हणणं खरंच होईल की नाही? काही बदलायला नको."

एवढी वाक्यं तो कित्येक महिन्यांत सलग बोलला नव्हता. टकळीला गलबलून आलं. हो म्हणणं किती सोपं होतं! हो म्हटलं की काकू राहिली. दुपार राहिली, फोन राहिला, तिच्या जागा राहिल्या.

"आणि पुढच्या वेळी, काका? उद्या तीळ आणलेस, अक्रोड आणलेस, की तेही फेकायचे?" तिचा आवाज चिरकला, पण ती थांबली नाही. "त्या मावशींना वाटलं काकू ऐकतेय. मलाही तसंच वाटतं. मी रोज विचारते तिला. प्रश्नच असे निवडते की उत्तर बसलं पाहिजे. पण ती मला सांगत नाही काही. ती सगळ्यांना तेच सांगते."

काकाने मान खाली घातली. "मीपण," तो म्हणाला.

"काय?"

"मीपण विचारतो. आतून. त्या जागांमध्ये." त्याने नाक ओढलं. "परत येशील का, म्हणून विचारतो. कुठल्या जागेत विचारतो ते तुला कळलं असेल."

टकळीला कळलं होतं. एकदा वितळलं की वितळलं. हे उत्तर ऐकायला तो रोज दुपारी दार ओढून आत बसत होता.

मग दोघांनी मिळून टेबल धुतलं. साबणाने घासलं, कोरडं केलं, पिठाचा एक कण ठेवला नाही. चाळणी, लाटणं, पारी कापायचे साचे, सगळं उकळत्या पाण्यात टाकलं. मग काकाने शेवटचा एकदा मागच्या खोलीतून नव्हे, तिथेच टकळीसमोर उभं राहून मोबाइलवरून दुकानाचा नंबर लावला. फोन वाजला. कोणी उचलला नाही. काकू बोलायला लागली. दोघांनी एकही प्रश्न विचारला नाही. फक्त पिठाच्या जागेशी काकाचे ओठ हलले. पुसू का, एवढंच तो बहुतेक म्हणाला असावा.

"झटकलं तरी चालेल, राहिलं तरी बिघडत नाही."

"असं कसं बिघडत नाही?" काका म्हणाला, आणि रडता रडता हसला.

"हो, हो. आलेच." खट्ट.

आता टकळी काकूच्या जागी उभी राहिली, टेबलाच्या अलीकडे, डबी तोंडाशी. काका पलीकडे. प्रश्न त्याने विचारायचे असं ठरलं. तिने लाल बटण दाबलं आणि दाबूनच धरलं. आत कुठेतरी काहीतरी हळूच फिरल्यासारखं झालं.

"नमस्कार. आम्ही कामात आहोत, हात पिठात आहेत, म्हणून फोन उचलला नाही. हा रेकॉर्ड केलेला निरोप आहे. मला तुमचं ऐकू येत नाही, पण लोक नेहमी जे विचारतात ते सांगते."

काका विचारत गेला, ती सांगत गेली. साल सोलायची नाही. थोडं मऊ होऊ द्यायचं. लहान मुलांना तुकडे करून, समोर बसून. शेंगदाण्याशी आल्यावर तिने स्टेजवरचा आवाज काढला. "हो, आमच्याकडे शेंगदाणा आहे. सगळं एकाच टेबलावर होतं. ज्यांना शेंगदाणा चालत नाही त्यांनी आमच्याकडचं काहीही खाऊ नये. काहीही." मग वितळलेलं परत गोठवू नका. मग जरा लांब जागा. मग, "नाही गं अजून. खाते." खट्ट.

"काका, तू पण ना!" तिने बटणावरचा हात झटकला. "सगळं छान चाललं होतं. शेवटी ते कशाला मध्येच विचारलंस?"

"काय विचारलं?"

"खाल्लंस का, म्हणून."

काकाने मान हलवली. "मी गोठवायचं विचारलं आणि थांबलो. त्यानंतर तूच बोललीस."

दोघांनी निरोप वाजवून बघितला. टकळी ठणठणीत ऐकू येत होती. काकाचा एक शब्द नव्हता, त्याच्या सगळ्या जागी घुमघुमाट. शेवटच्या लांब जागेतही तेवढाच, आणि मग तिचंच, "नाही गं अजून. खाते."

"परत करायचा का?" टकळीने विचारलं.

"राहू दे," काका म्हणाला. अगदी हळू. जणू कोणी दचकून निघून जाईल.

त्याने फ्रीजरमधून एक मोची काढलं, चिमटी नीट न बसलेलं, आणि तिच्यासमोर कागदावर ठेवलं. ते मऊ व्हायची वाट बघत दोघं गप्प बसले. टकळी गप्प बसली होती, हेसुद्धा नोंद घेण्यासारखंच.

आणि फोन वाजला.

काका उठला. त्याने आपले दोन्ही हात उलटसुलट करून बघितले. धुतलेले, कोरडे, स्वच्छ. त्याने रिसीव्हर उचलला.

"हॅलो. हो, बोला ना. नाही हो, साल नाही ती, सगळंच खायचं असतं… अं? नाही, लगेच नाही. सांगतो ना…"

टकळीने एका हाताच्या बोटाने मोची दाबून बघितलं. दुसऱ्या हाताने, सवयीने, कानाची पाळी धरली. पाळी बर्फासारखी गार होती. कोणीतरी फ्रीजरमध्ये हात घालून आत्ताच ती धरून सोडल्यासारखी. पाळी धरलेली बोटं तिने समोर धरली. चिमटीला पांढरं पीठ लागलं होतं.

धुतलेलं टेबल समोर चकचकत होतं.

"खातेय गं," ती म्हणाली आणि अर्धं मोची तोंडात घातलं. आधी पीठ लागलं, मग पारी, मग एकदम थंड, एकदम गोड. घशाखाली उतरलं. डोळ्यांतलं पाणी तिने बाहीने पुसलं. कानावरचं पीठ मात्र झटकलं नाही. राहिलं तरी बिघडत नाही.